चटईक्षेत्र

परिपत्रक बुधवारी आलं, बाजाराच्या दिवशी.
साहेबांनी ते दोनदा वाचलं
आणि फीत माझ्या हातात दिली:
जा, मेन लाइन मोजून ये.

मेन लाइन म्हणजे झेंडा चौकापासून
सरकीच्या जुन्या गोदामापर्यंत
एकशे बारा दुकानं,
दुकानांवर माड्या, माड्यांवर कवेलू,
कवेलूंवर डिशच्या छत्र्या आणि वानरं.
तीस वर्षांहून जुनं असेल ते पाडा,
पाडून बांधा.
बांधणाऱ्याला दीडपट चटईक्षेत्र,
विकास शुल्क निम्मं,
घरपट्टी पाच वर्षं माफ.
मुदत एकतीस मार्च.
आमच्याकडे तीस वर्षांहून नवं
शोधावं लागतं.
मुतारी तेवढी नवीन, तिला योजना लागू नाही.

अठ्ठेचाळीस नंबर. मालक भट्टड,
राहणार नागपूर,
सध्या माझ्या फोनच्या काचेत, गाडीत बसलेले.
"मॅडम, जिना दाखवा. तुळई दाखवा.
किती मजले निघतील अंदाजे?"
मी फोन उंच धरला.
तुळईवरच्या पारव्यांनी मालकांकडे पाहिलं,
मालकांनी पारव्यांकडे.
मग नेटवर्क गेलं.

पडवीत वहाब मन्सुरी गादी शिवत होते.
भाडेपावती वडिलांच्या नावाची,
महिना अकरा रुपये,
शेवटची सही एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची.
त्यानंतर मागायला कुणी आलं नाही,
द्यायला कुणी गेलं नाही,
दोन्हीकडून अब्रू राखली गेली.
दाताखाली दोरा तोडून त्यांनी विचारलं,
"बाई, चटईक्षेत्र म्हंजे काय होय?"

मी नियमावली सांगितली:
सगळ्या मजल्यांचं बांधीव क्षेत्र
भागिले भूखंडाचं क्षेत्र.
ते उठले. बुडाखालची चटई ओढली, झटकली.
रुईची एक लड उडाली
आणि माझ्या नमुना दोनवर येऊन बसली.
"मंग पयले हे मोजा ना.
चटई हेच, क्षेत्रबी हेच."

फीत हातात होती, मोजली.
सहा बाय चार.
एक कोपरा बिडीनं जळालेला,
मधला भाग माणसाच्या मांडीएवढा झिजलेला.
चोवीस चौरस फूट.
दीडपट धरले तर छत्तीस, मी म्हणाले,
उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून.
"छत्तीस?" ते हसले.
"मंग पाय लांब करता येतीन."

मला वाटलं होतं ते अडवतील.
कुणी अडवलं की काय बोलायचं
ते साहेबांनी शिकवून पाठवलं होतं.
"पाडा न बाई, म्या कुठं नाई म्हनलं?
दोन पावसाळे झाले, गाद्या ओल्या होतेत.
नव्या माडीले लिफ्ट राहीन का?
गाठोडं घेऊन चौदा पायऱ्या
आता गुडघ्यानं होत नाई.
फक्त माह्यं नाव कोनत्या खान्यात लिवता,
तेवढं बोट ठेवून दाखवा."

मालक.
विकासक.
भोगवटादार, कंसात: असल्यास.
बोट ठेवलं.
माझं बोट त्या शब्दाहून रुंद निघालं,
'असल्यास' झाकला गेला.
त्यांनी मान हलवली. वाचता येत होतं की नाही
मी विचारलं नाही.

संध्याकाळी अर्ज ऑनलाइन भरायला बसले.
भोगवटादार आहे का: होय, नाही.
"नाही कर," शेजारचा इंगोले म्हणाला,
"होय केलं की पुढचं पान उघडतं."
होय केलं.
पुढचं पान उघडलं: संमतीपत्र जोडा,
पर्यायी जागेचा तपशील जोडा,
विकासकाची सही, दोन साक्षीदार.
इंगोलेनं खुर्ची मागे सरकवली
आणि चहा सांगायला गेला.

उद्या पुन्हा अठ्ठेचाळीस नंबर.
पिशवीत शाईचा पॅड घेतलाय,
भट्टडांच्या तीन फोनांची नोंद,
आणि घरची एक बसलेली उशी,
जमलं तर भरून घ्यायला.